बँकेनं बाबांवर 'चार्ज' लावला म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न ज्यानं विचारला त्या भाऊचं म्हणणं थोडक्यात असं, की बाबांच्या पीककर्जाच्या कागदात 'द बँक शॅल हॅव फर्स्ट चार्ज ऑन द क्रॉप्स' असं वाक्य आहे, अन् गावातल्या कोणीतरी बाबाले सांगितलं की चार्ज म्हणजे गुन्हा, पोलीस चार्जशीट टाकते ना तेच. बाबा दोन दिवस जेवले नाही. वरून भाऊ स्वतः भरतीचा अभ्यास करून राहिला, डिक्शनरी उघडली तर चार्जचे वीस-बावीस अर्थ निघाले, आता हे पाठ कसे करायचे अन् त्यातला बाबांच्या कागदातला कोणता?

पहिले बाबांचं सांगतो. गुन्हा नाही. आरोप नाही. काही लावलं नाही कोणी. त्या वाक्यातला चार्ज म्हणजे आपला बोजा, सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात चढते तोच. आज जेवायला बसवा त्यायले.

मी काही वकील नाही, यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवतो, अन् गावात इंग्रजी कागद आला की तो शेवटी माझ्याच ओट्यावर येतो, म्हणून असे कागद बरेच वाचले. तुमच्या कर्जाच्या नेमक्या अटी कोणत्या हे कर्ज कोणत्या बँकेचं, सोसायटीमार्फत की थेट, नुसत्या पिकावर की जमीन गहाण ठेवून, यावर अवलंबून आहे अन् ते कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण शब्द मी नक्की उलगडून देतो, कारण हा शब्द माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेला की आता त्याच्याशी दोस्ती झाली.

खरा घोळ असा आहे भाऊ, की तुम्ही वीस अर्थ आहे असं धरून चालले. मीही तेच करत होतो. सुरुवातीची सात-आठ वर्षं फळ्यावर चार्जचे अर्थ उभे लिहायचो, शुल्क, आरोप, हल्ला, जबाबदारी, विद्युतभार, अन् पोट्टे वहीत उतरवायचे, परीक्षेत भलतंच लिहून यायचे. एकानं 'द पोलीस चार्ज्ड हिम' याचं भाषांतर 'पोलिसांनी त्याला वीज दिली' असं केलं होतं, अन् खरं सांगू का, मी त्याले शून्य दिलं पण चूक त्याची नव्हती. मग एका वर्षी कापसाच्या सीझनमधे, शाळेसमोरून जिनिंगकडं बंड्या म्हणजे बैलगाड्या चालल्या होत्या, उभाऱ्यांच्या वरपर्यंत कापूस दाबून भरलेला, अन् खिडकीतून पाहून मी वर्गाले विचारलं, ही बंडी काय केली रे? मागून एक पोरगी म्हणाली, 'लादली सर.' बस. त्या दिवसापासून मी चार्ज शिकवताना एकच शब्द फळ्यावर लिहितो, लादणे.

कारण मुळात चार्ज म्हणजे तेवढंच आहे, बंडी लादणे. लॅटिनमधे 'कारुस' म्हणजे चाकाची गाडी, हा शब्दही रोमन लोकांनी गॉल लोकांकडून घेतला, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या जुन्या केल्टिक टोळ्यांकडून, ते लोक गाड्या बनवण्यात पटाईत होते. त्या कारुसवरून पुढं 'कारिकारे' क्रियापद झालं, म्हणजे गाडीत माल भरणे. ते जुन्या फ्रेंचमधे 'चार्जिए' झालं आणि तिथून इंग्रजीत १२०० च्या आसपास चार्ज आला, तेव्हा त्याचा अर्थ ओझं चढवणे एवढाच. आरोप नाही, बिल नाही, वीज तर नाहीच नाही. बाकी सगळं नंतर त्याच बंडीवर चढलं.

आता मधेच एक गंमत सांगतो, अभ्यासाच्या कामाची नाही पण मजेची आहे. लॅटिनमधला 'का' पॅरिसकडच्या फ्रेंचमधे 'चा' झाला पण नॉर्मंडीकडच्या, म्हणजे उत्तर फ्रान्सातल्या, बोलीत 'का'च राहिला, आणि १०६६ मधे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हा पहिले त्यांची बोली आली अन् मागून पॅरिसची, त्यामुळं इंग्रजीत एकाच शब्दाची दोन-दोन रूपं राहून गेली. कॅरी आणि चार्ज हे दोघं त्याच कारुसच्या घरातले. तसंच कॅटल आणि चॅटल. चॅटल म्हणजे जंगम मालमत्ता, आणि कॅटलचाही पहिला अर्थ मालमत्ताच, ढोरं नंतर. आपण पशुधन म्हणतो ना, पोळ्याले ज्यायले सजवतो ते घरचं धनच, तसंच तिकडंही होतं.

त्याच घरातले अजून. कार तर सरळच. कार्गो म्हणजे जहाजावरचा माल, तो स्पॅनिशमधून आला. कॅरिकेचर म्हणजे व्यंगचित्र, इटालियनमधे 'कारिकारे' म्हणजे लादणे, नाकावर जास्तीचं नाक लादलं की व्यंगचित्र झालं. आणि तुम्ही ज्याच्यामागं लागले ते करिअर, त्याचा मूळ अर्थ गाड्या जायचा रस्ता, मग शर्यतीचं मैदान. म्हणजे करिअर म्हणजे मुळात आपली पांदण! पावसाळ्यात पांदणीचं काय होते हे तुम्हाले माहीत आहे, भरती निघायची वाट पाहणाऱ्याले अजून चांगलं माहीत आहे. पण कार्ट हा शब्द मात्र या घरातला नाही, दिसायले सारखा असला तरी तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेच्या बाजूनं आलेला, आणि कार्टून तर कागदावरून आलं. मी स्वतः वर्गात कार्टले चार्जचा सख्खा भाऊ सांगत होतो, नंतर मोठ्या कोशात पाहिलं तर नव्हता, पोरांसमोर चूक कबूल करावी लागली.

आता मुख्य गोष्ट. बंडीवर लादायचं ते ओझं कशाचंही असू शकते.

पैशाचं ओझं लादलं की ते शुल्क. दुकानदार चार्ज करते म्हणजे तुमच्यावर रक्कम टाकते. सरचार्ज म्हणजे ओझ्यावर ओझं, वीजबिलात दिसते. आपणही कर 'लादला' म्हणतो, कर 'घातला' पण म्हणतो, वेगळं काही नाही.

जबाबदारीचं ओझं टाकलं की तो सरकारी चार्ज. तलाठ्याकडं दोन साझ्यांचा चार्ज आहे म्हणून तो सापडत नाही, हे आपल्याकडं रोजचं. याले मराठीत काय म्हणतो? कार्यभार. पदभार. अतिरिक्त भार. प्रभारी मुख्याध्यापक. पाहा, ज्या लोकांनी हे सरकारी शब्द बसवले त्यांनी भार शब्द असाच उचलला नाही. मी एकदा आठ महिने प्रभारी होतो, चार्ज घेताना डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवून खुर्च्या, कपाटं, नकाशे, खिचडीचे गंज म्हणजे पातेली, सगळं मोजून सही करावी लागली, दोन गंज कमी निघाले ते माझ्या सहीखाली आले अन् मी खिशातून भरले. चार्ज म्हणजे ओझं हे मले कोशानं शिकवलं, पण पटलं त्या दिवशी.

दोषाचं ओझं टाकलं की तो आरोप. आता मराठीतला आरोप शब्दच पाहा, तो संस्कृतात 'वर चढवणे, वर ठेवणे' याच्यावरूनच झाला. वृक्षारोपणातलं आरोपण अन् कोर्टातला आरोप एकाच मुळाचे, एकात रोप जमिनीत ठेवते, दुसऱ्यात दोष माणसाच्या डोक्यावर. अन् बोलताना आपण काय म्हणतो, 'त्याच्यावर केस लावली', 'कलम लावलं'. इथं एक बारीक फरक भरतीवाल्यांनी लक्षात ठेवा. पोलीस तपास संपवून कोर्टात देतात ते चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, पण चार्ज फ्रेम करते ते कोर्ट, पोलीस नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही दोन पावलं वेगळीच आहे. पेपरवाले कधी कधी दोन्ही एकच करून टाकतात.

बंदुकीत दारू भरली तर तोही चार्ज, ठासणीच्या बंदुकीत बार भरतात तसा. अन् भरलेलं हत्यार रोखून शत्रूवर धावून जाणं याले पुढं चार्ज म्हणायले लागले, सोळाव्या शतकापासून. त्याच्यावरूनच लाठीचार्ज, हा शब्द आपल्याच देशात जुळला, अर्धा देशी अर्धा इंग्रजी, अन् आता इंग्रजी पेपरही तोच वापरतात. मराठीत हल्ला आपण काय करतो? चढवतो. इथंही चढवणंच.

अन् मोबाईल. हे पोरांना सगळ्यात लांबचं वाटते, पण आहे जवळचं. अठराव्या शतकात वीज साठवायले काचेची बरणी वापरायचे, लायडन जार म्हणतात तिले, अन् अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं त्या बरणीत वीज भरण्याले चार्ज करणं अन् काढण्याले डिस्चार्ज करणं असे शब्द वापरले, जशी बंदूक भरावी अन् झाडावी. बॅटरी शब्दही त्यानंच तोफखान्याकडून उचलला, तोफांची रांग म्हणजे बॅटरी, अन् त्यानं १७४९ च्या एका पत्रात खिडकीच्या अकरा मोठ्या काचा जोडून केलेल्या साधनाले इलेक्ट्रिकल बॅटरी म्हटलं. म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाईलमधे बॅटरी अन् चार्ज हे दोन्ही शब्द लढाईतून आले. आमच्या सायन्सच्या सरांनी मले टोकलं होतं की बॅटरीत विद्युतभार 'भरत' नाही, जेवढे इलेक्ट्रॉन एका टोकानं जाते तेवढे दुसऱ्या टोकानं बाहेर येते, साठते ती ऊर्जा. ते खरं आहे, पण शब्द पडला तो पडला. तरी डब्यावर लिहिलेलं पाच हजार एमएएच हे भाराचंच माप आहे, हिशेब केला तर अठरा हजार कूलोम येते, कूलोम म्हणजे भार मोजायचं एकक.

आणि आता ऐका आपली माय काय म्हणते. 'मोबाईलची चार्जिंग उतरली.' उतरली! संपली नाही, गेली नाही, उतरली. जे चढवलेलं असते तेच उतरते ना. इंग्रजीचा एक अक्षर न शिकलेल्या बाईच्या तोंडी त्या शब्दाचा मूळचा जुना अर्थ बरोबर बसून आहे, मले तर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. पुन्हा 'मंत्रानं भारलेला ताईत', 'भारलेलं वातावरण', इंग्रजीवालेही तापलेल्या वातावरणाले चार्ज्ड म्हणतात. भारनियमनात मात्र उलटं आहे, नाव भाराचं अन् घरात भार काहीच नाही, मोटार रात्री दोनला चालू करायले उठा.

भार शब्द चार्जच्या घरातला नाही हे पण सांगून ठेवतो, नाही तर कोणी परीक्षेत लिहून येईन. भारचं नातं इंग्रजीतल्या बेअर म्हणजे वाहून नेणे आणि बर्डन म्हणजे ओझं यांच्याशी आहे, फार जुन्या काळी एकच मूळ होतं. फारसीतला बार म्हणजे ओझं, तोही त्याच घरातला, त्याच्यावरून बारदान, ओझं ठेवायचं साधन. तुरीच्या खरेदी केंद्रावर 'बारदाना संपला' ऐकून तुम्ही ट्रॅक्टर घेऊन परत आले असाल, तर तो हाच. म्हणजे दोन वेगळी घरं, पण दोघांनीही ओझं हाच विचार धरून जबाबदारी, आरोप, वीज अशा सगळ्याले नावं दिली. माणसाले जे जड वाटते ते सगळीकडं सारखंच जड वाटते बहुतेक.

आता तुमच्या बाबांच्या वाक्याकडं येतो, कारण नेमका अर्थ कसा ओळखायचा हाच तुमचा खरा प्रश्न आहे. मी पोरांना सांगतो, चार्जकडं पाहूच नका, त्याच्या मागं लागलेला चिमुकला शब्द पाहा. चार्जच्या मागं 'ऑन' आलं अन् त्याच्या पुढं जमीन, पीक, मालमत्ता असं काही आलं तर तो बोजा. 'विथ' आलं अन् पुढं चोरी, फसवणूक असं आलं तर तो आरोप, चार्ज्ड विथ थेफ्ट. 'फॉर' आलं तर पैसे, चार्ज्ड फॉर द बॅग. 'अ‍ॅट' आलं तर धावून जाणं, रानडुक्कर अंगावर आलं की द बोअर चार्ज्ड अ‍ॅट हिम. तुमच्या कागदात 'ऑन द क्रॉप्स' आहे. ओझं पिकावर आहे, बाबावर नाही. पिकाले थोडी कोणी जेलमधे टाकते?

'ऑफ'चं थोडं अवघड आहे अन् परीक्षेत हटकून येते. 'ही इज इन चार्ज ऑफ द स्कूल' म्हणजे शाळा त्याच्या ताब्यात. 'द स्कूल इज इन द चार्ज ऑफ द हेडमास्टर' म्हणजे तेच, पण आता शाळा पुढं आली. मधला एक 'द' गेला की मालक अन् माल यांची अदलाबदल होते. 'द पेशंट इज इन चार्ज ऑफ द नर्स' लिहिलं तर पेशंट नर्सवर हुकूम चालवते असा अर्थ निघते. आपल्याकडं इनचार्ज हे नामच करून टाकलं, 'इनचार्जले भेटा' म्हणतो, बोलताना चालते, पेपरात जपून.

अन् 'फर्स्ट चार्ज' म्हणजे काय, तर पिकाचे पैसे आले की त्यावर पहिला हक्क त्यांचा, बाकीचे ज्यांचे पैसे देणं आहे ते मागून. सोसायटीच्या कर्जाले महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० मधेच हा पहिला हक्क दिलेला आहे, आणि सभासदानं जमिनीवर घोषणापत्र लिहून दिलं तर जमिनीवरही चार्ज चढते. गहाण अन् चार्ज यात कायद्यानं फरक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०० चा सार असा की गहाणात मालमत्तेतला काही हक्क समोरच्याकडं जाते, चार्जमधे हक्क जात नाही, फक्त ती मालमत्ता देण्याच्या फेडीसाठी बांधलेली राहते. गावात आपण दोन्हीले गहाणच म्हणतो, तलाठी दोन्हीले बोजाच म्हणते, म्हणून कागदात चार्ज लिहिलं की मॉर्गेज ते एकदा डोळ्यानं पाहून घ्या. जमीन गहाणाची वेगळी सही झाली असन तर तो प्रश्न बँकेच्या माणसाले किंवा वकिलाले विचारा, तिथं माझं इंग्रजी पुरत नाही.

ओझं चढलं तसं उतरतेही, त्याले डिस्चार्ज. दवाखान्यातून सुट्टी तोच शब्द, धरणाचे दरवाजे उघडले की पेपरात विसर्ग येते तोही डिस्चार्जच, बेंबळा असो की गोसीखुर्द, क्युसेकमधे मोजतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाले साधारण अठ्ठावीस लिटर. कोर्टातला डिस्चार्ज म्हणजे खटला चालवण्याइतकं काही नाही म्हणून दोष ठेवायच्या आधीच सोडणं, निर्दोष सुटणं वेगळं, ते खटला चालून झाल्यावर. अन् कर्जातला डिस्चार्ज म्हणजे बेबाक दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, घेऊन फेरफारानं बोजा कमी करणं. हे मात्र आपोआप होईनच याच्या भरवशावर राहू नका. आमच्या काकांनी कर्ज भरलं अन् घरी येऊन बसले, नऊ वर्षांनी पोराच्या नावानं वाटणी करायले गेले तेव्हा सातबाऱ्यावर बोजा तसाच. काकाची कपाशी नऊ हंगाम घरी आली, कागदावरची बंडी कोणी रिकामीच केली नव्हती.

तुमच्या कागदात अजून एक जागा पाहा, बहुतेक दुसऱ्या पानावर असन. तिथं 'चार्जेस' असं अनेकवचन दिसन, प्रोसेसिंग चार्जेस, इन्स्पेक्शन चार्जेस असं काही. ते बोजा नाही, ते सरळ पैसे आहे. बाबांना वाक्य वाचून दाखवताना हे दोन वेगळे सांगा, पहिल्याले घाबरायचं नाही, दुसऱ्याचे किती ते बँकेत आकड्यात विचारून त्याच कागदावर पेनानं लिहून घ्यायचे.